बशीच्या तुकड्यांची चाल



मागील खेपेस आम्ही माउंट रॉस्किलच्या टेकडीविषयी लिहिले होते. विझलेल्या ज्वालामुखीची ही टेकडी. माओरी लोक तिला पुकेतापापा, म्हणजे सपाट माथ्याची टेकडी, म्हणतात. तिच्यावरून दक्षिणेस मानुकाऊची खाडी दिसते, आणि भरतीच्या वेळी तीकडे पाहताना कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडातील, किनारा आम्हांस आठवतो, असेही त्या लेखात आले होते. या वेळचा विषय त्याच आठवणीतून निघाला, पण तो घडला आमच्या गॅरेजात.

आमच्या मातोश्रींच्या पनवेलच्या घरी पेसाहसाठी निराळ्या ठेवलेल्या सहा बशा होत्या. पांढऱ्या चिनी मातीच्या, काठाला एक बारीक निळी रेघ. नक्षी म्हणून तेवढीच. वर्षातून आठ दिवस त्या बाहेर निघत आणि पुन्हा फडक्यात बांधून माळ्यावर जात. मातोश्री गेल्यावर घर रिकामे झाले, आणि बशा एका खोक्यातून समुद्रमार्गे इकडे आल्या. खोके उघडले तेव्हा पाच फुटलेल्या व एक शाबूत होती. कोणाची चूक याचा शोध करण्यात अर्थ नव्हता. तुकडे टाकून देण्यास मात्र हात धजेना. वर्षभर ते एका डब्यात पडून होते.

क्राइस्टचर्चला २०१० आणि २०११ च्या भूकंपांत घरोघरची काचसामान व चिनी भांडी फुटली. ते तुकडे जमवून 'क्रॅक्ड फॉर क्राइस्टचर्च' या गटाने मोझेकची एक मोठी आरामखुर्ची व तिच्यासमोरचे पाय ठेवण्याचे आसन तयार केले, हे आम्ही वाचले होते. आमच्या सौभाग्यवतींनी त्याची आठवण करून दिली, आणि वस्तीतच मोझेक शिकविणाऱ्या एका बाईंचा पत्ताही त्यांनीच मिळविला. या बाई वयाने आमच्याहून पुष्कळ लहान. इकडील रीतीप्रमाणे त्यांस नावाने हाक मारावयाची असते. आमच्या तोंडून अजूनही 'बाई' हेच येते.

चित्र कोणते करावयाचे याविषयी मतभेद नव्हता. आपल्या पूर्वजांचे तारू जेथे फुटले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, त्या नवगावच्या किनाऱ्यावरची एक लाट. साठ सेंटिमीटर लांबीची पाटी घेतली, तिच्यावर पेन्सिलीने लाट काढली, बाजारातून आणलेल्या निळ्या लाद्यांचे व बशांचे तुकडे केले, आणि निळ्याच्या जागी निळे, पांढऱ्याच्या जागी पांढरे असे बसवीत गेलो. मुंबईच्या गच्च्यांवर मिस्त्री लोक चायना मोझेक बसवितात ते लहानपणी पाहिलेले होते. हाताला येईल तो तुकडा, सापडेल ती जागा. आम्हांस वाटले, कला ती हीच.

चार दिवसांनी बाईंनी पाटी भिंतीला टेकवून पाहिली आणि म्हणाल्या, "रंग बरोबर आहेत, पण पाणी उभे आहे." खरेच होते. ती लाट नव्हती. निळी भिंत होती. गच्चीवरच्या कामात उतार पाहिला की झाले, कारण तेथे वाहावयाचे असते ते पावसाचे पाणी. येथे तुकड्यांनाच वाहावयाचे होते.

तुकड्यांच्या ओळी ज्या दिशेने जातात त्या दिशेस इटालियन कारागीर 'आंदामेंतो' म्हणतात. चालणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द निघाला. आम्हांस मराठीत त्यासाठी शब्द शोधावा लागला नाही. आपल्या जुन्या कीर्तनांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' दिलेली असे. शब्द कोणतेही असोत, ते कोणत्या गतीने व वळणाने जावयाचे हे तीवरून कळे. मोझेकमध्येही रंग म्हणजे पदाचे शब्द. चाल ठरलेली नसेल तर सगळेच गद्य.

चाल ठरवावयाची ती तुकडा कापण्यापूर्वी. प्रथम पाटीवर केवळ बाण काढावयाचे: पाणी कोठून उठते, कोठे वळते, कोठे कोसळते. मग आकृतीच्या कडेची पहिली ओळ बसवावयाची आणि पुढची प्रत्येक ओळ तिच्या अंगाअंगाने न्यावयाची. वळणावर चौकोनी तुकडे ठेवले तर बाहेरच्या बाजूस त्रिकोणी फटी पडतात व डोळा तेथे अडखळतो; म्हणून कमानीच्या दगडाप्रमाणे प्रत्येक तुकडा एका टोकास किंचित निमुळता कापावा लागतो, निमुळते टोक वळणाच्या आतल्या बाजूस. चाकाच्या चिमट्याने हे जमते, परंतु डोळ्यांवर चष्मा हवाच. बशीच्या बुडाची गोल कड आधी तोडून काढावी, नाहीतर तुकडा सपाट बसत नाही. आणि बशी मुळातच खोलगट असल्याने तुकडे लहान करावे. मोठा तुकडा एका बाजूने वर उठून राहतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांध्यांची आहे. आमच्या मते मोझेकची पुस्तके रंगांवर फार आणि सांध्यांवर फार थोडी पाने खर्च करतात. दोन ओळींमधील सांधा ही स्वतःच एक रेघ असते, आणि चाल दिसते ती बहुतांशी त्या रेघेमुळे. ती अखंड वाहिली पाहिजे. उलट ओळीतल्या दोन तुकड्यांमधील आडवे सांधे शेजारच्या ओळीतील सांध्यांसमोर येऊ देऊ नयेत. विटांच्या बांधकामात सांधा चुकवितात तसे ते चुकवावेत. चार कोपरे एका जागी भेटले की तेथे फुली उमटते आणि प्रवाह थांबतो. आमच्या पहिल्या पाटीवर अशा किती फुल्या होत्या ते मोजण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

इस्राएलमधील वाचकांपैकी अनेकांनी बेथ अल्फाच्या प्राचीन सिनेगॉगची फरशी पाहिली असेल. १९२९ साली सुकेनिक यांनी तिचे उत्खनन केले. ती सहाव्या शतकातील असून मारियानोस व त्याचा मुलगा हनिना या कारागिरांची नावे तिच्यावर कोरीव लेखाप्रमाणे खड्यांनीच लिहिलेली आहेत. राशिचक्राच्या मध्यभागी सूर्याचा चार घोड्यांचा रथ आहे. पण सूर्य आणि घोडे ताठ, समोर पाहणारे. तो रथ पळत नाही. तबेरियाजवळील हम्मत येथील सिनेगॉगची फरशी त्याहून जुनी, चौथ्या शतकातील. तेथेही राशिचक्र आहे, पण चेहऱ्यांवर खड्यांच्या ओळी गालाच्या गोलाईबरोबर वळतात, वस्त्राला चुण्या पडतात. अशा बारीक, वळत जाणाऱ्या कामास 'ओपस व्हर्मिक्युलाटम', म्हणजे कृमीच्या वळणाचे काम, असे लॅटिन नाव आहे. नाव सुंदर नाही, पण अचूक आहे. कारागिरीत हम्मत श्रेष्ठ, हे मान्य करूनही आमचे मन बेथ अल्फाच्या बापलेकांकडे ओढते. चाल त्यांना साधली नव्हती; आम्हांसही साधत नव्हती.

पाटी खरवडावी लागली. सिमेंटचा लेप घट्ट झाला होता. छिन्नीने तुकडे काढताना लाद्यांचे काय झाले याची पर्वा नव्हती, परंतु मातोश्रींच्या बशांचे आठ-दहा तुकडे चुरा झाले. त्या संध्याकाळी आमच्या घरात फारसे बोलणे झाले नाही.

दुसऱ्या खेपेस बाईंनी बशांच्या काठाचे तुकडे निराळे काढण्यास सांगितले. निळी रेघ असलेले सगळे तुकडे टेबलावर एकापुढे एक मांडले, आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले की चाल त्या बशांत आधीपासूनच होती. प्रत्येक तुकड्यावर रेघेला थोडासा बाक होता. एक तुकडा सुलटा, पुढचे दोन उलटे, असे लावले की रेघ चढे आणि उतरे. तीच लाटेची पहिली ओळ झाली. बाकीचे निळे तिच्यामागून गेले. या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहिले तर पाणी चालत होते.

लाटेचा माथा वळून कोसळतो तेथे रेघेचे तुकडे संपले. सुमारे एक वीत कमी पडले. छिन्नीखाली चुरा झालेल्यांत काठाचे चार तरी होते. कपाटात सहावी बशी शाबूत होती. आम्ही तिचे नाव काढले नाही, पण आमची नजर तिकडे गेली असावी. सौभाग्यवती उठल्या, बशी काढली, पुसली आणि परत ठेवली. "पेसाहला आईंच्या बशीतून निदान एकाने तरी जेवावे," एवढेच त्या म्हणाल्या.

बाईंना विचारले तेव्हा त्यांनी पाटीवरील बाण बदलला. लाट फुटते तेथे पाण्याची कड राहत नाही, फेस होतो. तेव्हा रेघ तेथे सुटू द्यावी आणि पांढऱ्या तुकड्यांच्या ओळी पंख्यासारख्या फाकवाव्या. पांढरे तुकडे आमच्यापाशी भरपूर होते. तीन संध्याकाळी त्या एका वितीत गेल्या.

आता सांधे भरणे तेवढे राहिले आहे. पांढरा लेप भरला तर निळ्या भागातला प्रत्येक तुकडा सुटा दिसेल आणि फेस मात्र सपाट होईल; काळा भरला तर ओळी एकजीव होतील, पण फेस मळेल. बाई करडा सुचवितात. येत्या रविवारी पाऊस नसला तर गॅरेजाचे दार उघडे ठेवून तो कालवू. पाटी माजघरात लावावी की दर्शनी भिंतीवर, याचा निर्णय अजून व्हावयाचा आहे.