रोडगे, बर्फ आणि घमेलं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. क्लायंट सुट्टीवर, म्हणून आम्हीही सुट्टीवर. सध्या मुक्काम पोस्ट कोराडी. नागपूरची थंडी म्हटलं की पुण्या-मुंबईची मित्रमंडळी हसतात. त्यांच्या माहितीसाठी: २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. असो.

तर काल अंगणात रोडगे केले. ‘विंटर बार्बेक्यू’ म्हटलं असतं तर टीममधल्या पोरांनी लगेच फोटो मागितले असते, पण प्रकार तोच. जाडसर कणीक, तेल, मीठ, ओवा. घट्ट मळून, पदर घालून गोळे करायचे. गोवऱ्या पेटवायच्या, धूर सरू द्यायचा, लाल आर झाला की गोळे त्यात ठेवून वरून आर आणि राख ओढायची. भाजले की राख झटकायची, रोडगा फोडायचा आणि हात आखडता न घेता तूप ओतायचं. सोबत वरण आणि भरपूर सांबार घातलेली वांग्याची भाजी. (पुणेकरांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं नाही!)

साहेबी बार्बेक्यू मी शिकलो मिनियापोलिसला, ऑनसाईट असताना. बाहेर उणे बारा, गुडघाभर बर्फ, आणि आम्ही चार देशी चिकनला मसाला लावून उभे. दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघायचं, झालं का? की सगळी धग गायब. पोतंभर कोळसा संपला, चिकन कच्चंच. ते गोल झाकणाचं वेबर ग्रिल १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफननं काढलं. उघड्या शेगडीवर वारा त्याला धड काही भाजू देईना, म्हणून त्यानं कारखान्यातला पाण्यावर तरंगणारा धातूचा बोया कापून शेगडी आणि झाकण केलं. आमच्या रोडग्यावरची राख म्हणजे दुसरं काय? तेच झाकण, फुकटात.

माझं मत विचाराल तर बाहेर विस्तव मांडायचा मोसम हिवाळाच. मे महिन्यात ४५ अंशांत आरापाशी कोण बसणार? थंडीत कुणाला बोलवावं लागत नाही. मोबाईलमध्ये डोकं घातलेला भाचाही सरकत सरकत जवळ येतो.

फक्त विस्तव बाहेरच राहिला पाहिजे. आज लिहायला बसलो ते यासाठी.

मिनियापोलिसला त्या दिवशी वारा वाढला तसं आम्ही ग्रिल गॅरेजमध्ये ओढलं. दार अर्धं उघडं होतं की! वीसेक मिनिटांत माझं डोकं ठणकायला लागलं, एकाला मळमळ. आम्हाला वाटलं, थंडी बाधली. शेजारचे आजोबा ओरडत आले आणि आम्हाला बाहेर काढलं. कार्बन मोनॉक्साईड. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. गंमत म्हणजे (गंमत कसली!) धूर सरलेला लाल निखारा आपल्याला सुरक्षित वाटतो, आणि तोच हा वायू सोडत असतो.

काल जेवणं झाली आणि बाबांनी उरलेला आर घमेल्यात भरून आजीच्या खोलीत नेला. दर हिवाळ्यात नेतात. मी म्हटलं, नको. आजी म्हणाली, "काऊन बे? इतकी वर्सं झाली, मले काही झालं का?"

तिचंही खरं आहे. पण तेव्हा घर कवेलूचं होतं. वरून गार हवा यायची, पावसाळ्यात पाणीही यायचं. आता वर स्लॅब, खिडकीला स्लाइडिंगच्या काचा, आणि थंडी नको म्हणून दाराखाली गोधडी. आपण घर बदललं, घमेलं तेच ठेवलं.

बाबा ऐकेनात. आता हा माणूस कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर काम करून रिटायर झालेला. आमच्या गच्चीवरून त्या केंद्राच्या चिमण्या दिसतात. आज तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, बाबांची उमेद गेली जुन्या संचांवर. शेवटी मी विचारलं, "बाबा, बॉयलरला हवा कमी पडली तर काय होतं?"

"कोळसा अर्धवट जळते. सीओ वाढते."

"आणि या खोलीत हवा कुठून येते?"

बाबा काही बोलले नाहीत. घमेलं उचलून परत अंगणात ठेवून आले. आजी म्हणाली, मग मलेही तिथंच बसव. रजई गुंडाळून खुर्ची मांडून दिली, साडेदहापर्यंत बसली, अर्धा रोडगा अजून खाल्ला. नंतर खोलीत रबरी पिशवीत गरम पाणी भरून दिलं.

सकाळी तक्रार आलीच: पिशवी तीन वाजताच थंडी झाली. आज संध्याकाळी दुसरी आणायला जायचंय.