आधी रबर, मग चमक

जुनी मोटार नीटनेटकी करायची म्हटली, की आपल्याकडे पहिला पैसा चमकणाऱ्या भागांवर खर्च होतो. बंपरला नवा मुलामा चढतो, काचेभोवतीच्या पट्ट्यांना पॉलिश होते, चाकांच्या टोप्या लखलखतात. काचेच्या रबराची आठवण होते ती सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा होतच नाही. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आटपाडीसारख्या दुष्काळी मुलखात तर तो अधिकच महागात पडतो.

'इथे पाऊस पडतो तरी किती?' असे कोणी विचारील. पण रबराचा पहिला वैरी पाऊस नव्हे, ऊन आणि हवेतला ओझोन. लिंबाखाली उभ्या असलेल्या प्रीमिअर पद्मिनीच्या पुढच्या काचेचे रबर वर्षानुवर्षे तापते, आकसते, कोपऱ्यांत चिरते. मग परतीचा पाऊस एखाद्या रात्री झोडपून काढतो. चिरेतून शिरलेले पाणी डॅशबोर्डमागून उतरून मॅटखाली साचते. मॅट वरून कोरडी, म्हणून कोणी उचलून पाहत नाही. खालचा पत्रा मात्र सडत राहतो. इंजिन ठणठणीत असताना गाडी भंगारात जाते ती अशी. शिवाय माणदेशाची धूळ आहेच. दाराची काच ज्या खाचेतून वरखाली होते तिथले अस्तर झिजले, की धुळीचे कण काचेवर रेघा ओढतात आणि दाराच्या तळाशी पाणी निघायची भोके बुजवून टाकतात.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' हे नाव मिळाले. २००० च्या आसपास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. म्हणजे कारखान्यातून नवा भाग मिळण्याची आशा नाही. रबर मात्र छोटे कारखानदार अजून पाडतात. मूळ पट्टी एकदा गेली की कुर्ल्याच्या किंवा चोर बाजारच्या ढिगाऱ्यात नशीब अजमावायचे. म्हणून रबर बेलाशक फेकावे, पट्टी जिवापाड जपावी. गॅरेजमध्ये घडते याच्या उलट. पट्टी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून वाकवतात आणि कडक झालेल्या रबरावर डिझेलचा बोळा फिरवून ते 'नवे' करतात. खनिज तेलाने रबर फुगते आणि बिघडते. त्याला सिलिकॉन किंवा ग्लिसरीन लावावे. नवे घेताना ईपीडीएम जातीचे मागावे, ते उन्हाला अधिक टिकते. बोटांनी दाबून सोडल्यावर मूळ आकाराला न येणारे रबर परत करावे.

आता मुलाम्याविषयी. खानापूर-आटपाडीची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली. वरचा मुलामा आणि आतला धातू यांतला फरक त्यांना वेगळा सांगायला नको. बंपरच्या पोलादावर चमकतो तो मुख्यतः निकल. त्यावरचा क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. नव्या मुलाम्याच्या आधी घासून घासून जुना थर काढतात, त्यात कडा आणि कोरीव रेषा बोथट होतात. क्रोमच्या हौदातले रसायनही कर्करोगाला कारण होणारे आहे. तेव्हा पापुद्रे सुटल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये. गंजाचे ठिपके ॲल्युमिनियमच्या ओल्या चांदीने घासून बरेचसे निघतात. आधी लोहचुंबक लावून पाहावे. न चिकटणारी पट्टी ॲल्युमिनियमची असू शकते, आणि तिच्यावर खरखरीत काही घासले तर चमक कायमची जाते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. पहिल्या पद्मिनी आता त्या उंबरठ्यावर आल्या आहेत. अशा वेळी मूळ पट्टी काढून प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावणे मला तरी करंटेपणाचे वाटते.

रबर बसवण्याचे काम दोघांचे आहे. आधी चौकटीचा गंज खरवडून तिथे प्रायमर आणि रंग लावावा. घाईत हीच पायरी गाळली जाते. रबर तासभर उन्हात ठेवले की मऊ पडते. ते काचेला चढवून त्याच्या खाचेत दोरी घालायची आणि साबणाचे पाणी लावायचे. बाहेरून एकाने काच तळव्यांनी दाबायची, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराचा ओठ चौकटीवर चढतो. घाई केली तर काच तडकते.

टँकरच्या गावात गाडी धुऊन तपासायला पाणी कुठले, असे वाटेल. एक कळशी पुरते. एकाने ती काचेच्या वरच्या कडेवरून सावकाश ओतावी, दुसऱ्याने आत बसून खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रद्दीचा कागद धरावा. कागद ओला झाला, तर दोरी पुन्हा हातात घ्यायची.