लगाम आणि टाच

दिवाळीच्या फराळाबरोबर प्रशियाच्या एका सेनापतीचे चरित्र वाढले, तर काही वाचक ताट बाजूला सारतील, हे मला ठाऊक आहे. पण वाचकहो, जरा थांबा. घोड्याला टाच मारणारे वीर इतिहासात पैशाला पासरी सापडतात. लगाम केव्हा खेचावा हे कळलेले थोडे. आजचा आपला पाहुणा त्या थोड्यांपैकी आहे. राजाचा हुकूम त्याने भर रणांगणात बाजूला ठेवला, आणि तरीही राजाने त्याला जवळ केले.

फ्रीड्रिख व्हिल्हेल्म फॉन सायडलिट्स हे त्याचे नाव. जन्म ३ फेब्रुवारी १७२१चा, ऱ्हाईनकडच्या मुलखातल्या कालकार गावचा. बाप घोडदळातलाच, मुलगा लहान असतानाच तो वारला. पोर मिसरूड फुटण्यापूर्वीच श्वेटच्या एका विक्षिप्त सरदाराच्या पदरी हुजऱ्या म्हणून राहिले. या सरदाराला अचाट साहसांचे वेड. पवनचक्कीच्या फिरत्या पात्यांमधून सायडलिट्स घोडा घालून पार होई, अशी कथा सांगतात. कथेतले तिखटमीठ वजा केले, तरी पोराची मांड किती पक्की असेल याची कल्पना येते.

१७४० साली फ्रेडरिक प्रशियाच्या गादीवर आला आणि त्याच वर्षी सायडलिट्स घोडदळात शिरला. ते घोडदळ त्या वेळी कसे होते? पुढच्याच वर्षी, १० एप्रिल १७४१ला, मोल्विट्सच्या लढाईत ऑस्ट्रियनांनी त्याची दाणादाण उडवली. खुद्द राजाला रण सोडून जावे लागले, आणि मागे राहिलेल्या पायदळाने लढाई जिंकली! राजा ही गोष्ट विसरला नाही. त्याने घोडदळ नव्याने घडवायला घेतले. शत्रूचा हल्ला उभ्या जागी झेलायचा नाही, पिस्तुले झाडत बसायचे नाही. तलवार उपसून भरधाव अंगावर जायचे.

हे काम अंगावर घेणाऱ्यांत सायडलिट्स अग्रेसर. चोविसाव्या वर्षी तो मेजर झाला. त्याचे स्वार खाचखळगे, ओढे, कुंपणे ओलांडून दौडत. या कवायतीत माणसे पडत, कधी मरतही. राजाने त्याबद्दल कुरकूर केली, तेव्हा, ‘महाराज, चार माना मोडल्याचा एवढा बाऊ केलात, तर हवे तसे स्वार मिळायचे नाहीत,’ असे त्याने ऐकवल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका कौतुकाने सांगितली जाते. मला मात्र ती ऐकली की त्या चार मानांची आठवण होते. हा माणूस मऊ काळजाचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

१७५६ साली सात वर्षांचे युद्ध पेटले. त्याची एक ठिणगी आपल्या देशातही येऊन पडली होती. १८ जून १७५७ला कोलिन येथे ऑस्ट्रियाने फ्रेडरिकला हरवले, आणि पाचच दिवसांनी इकडे बंगालात प्लासीची लढाई झाली. कोलिनचा पराभव झाला, तरी सायडलिट्सची कामगिरी राजाच्या डोळ्यांत भरली. छत्तिसाव्या वर्षी तो मेजर-जनरल झाला.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला रॉसबाख. समोर फ्रेंच आणि जर्मन संस्थानिकांचे मिळून सुमारे ४१,००० सैन्य, फ्रेडरिकजवळ २२,०००. वयाने आणि हुद्द्याने वडील असलेल्यांना डावलून राजाने त्या दिवशी घोडदळ सायडलिट्सच्या हाती दिले. ‘मी राजाचा हुकूम पाळतो, तुम्ही माझा पाळा,’ एवढेच त्याने त्यांना म्हटल्याचे सांगतात. टेकडीच्या आडून त्याने ३८ स्क्वाड्रन नेली आणि वाटेत बेसावध असलेल्या शत्रूच्या घोडदळावर घातली. ते उधळले.

खरी गंमत यापुढेच आहे. पळणाऱ्या शत्रूमागे धावत सुटणे हा घोडदळाचा जुना रोग. धाव घेतली की घोडाही ऐकत नाही आणि स्वारही. सायडलिट्सने मात्र आपले स्वार आवरले, एका सखल जागी पुन्हा रांगेत उभे केले, आणि पायदळाच्या तोफा-बंदुकांनी समोरची फळी खिळखिळी होताच तिच्या कुशीत दुसरा हल्ला चढवला. दीड-दोन तासांत सारे आटोपले. शत्रूचे मृत, जखमी आणि कैदी मिळून सुमारे १०,००० गेले. प्रशियाचे सुमारे ५५०.

मग २५ ऑगस्ट १७५८ उजाडला. झोर्नडॉर्फ येथे समोर रशियन. प्रशियन पायदळ मागे रेटले जात होते. राजाचे हुकूम येऊ लागले, ‘हल्ला करा.’ सायडलिट्ससमोर दलदलीचा ओढा. वेळ अजून आलेली नव्हती. तो हलेना. शेवटी राजाने निरोप धाडला, ‘डोक्याने जाब द्यावा लागेल!’ त्याचे उत्तर जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते: लढाईनंतर माझे डोके राजाचेच आहे, तोवर ते त्याच्याच सेवेत वापरू द्यावे. रशियनांची फळी विस्कटली, तेव्हा मात्र तो ओढ्यापार होऊन तुटून पडला आणि दिवस सावरला. तरी विजय निर्भेळ नव्हता. प्रशियाची सुमारे १२,००० माणसे पडली. इंग्रजांचा वकील अभिनंदन करू लागला, तेव्हा राजाने सायडलिट्सकडे बोट दाखवल्याचे सांगतात.

वर्षभराने, १२ ऑगस्ट १७५९ला, कुनर्सडॉर्फ. पहिला डाव फ्रेडरिकने जिंकला होता. ‘आता पुरे,’ असे सायडलिट्सने सुचवले, अशी हकिकत आहे. राजाने ऐकले नाही. सायडलिट्स जखमी होऊन रणाबाहेर गेला, आणि संध्याकाळी राजाने आपल्या मंत्र्याला लिहिले की, ४८,००० फौजेतले ३,०००ही उरले नाहीत. विखुरलेले पुष्कळ नंतर परतले. पण सुमारे १९,००० कायमचे वजा झाले होते. त्या दिवशी लगाम खेचायला कोणी नव्हते.

पुढे तो बरा झाला, १७६२ साली फ्रायबर्गला पुन्हा लढला, युद्धानंतर सायलेशियातल्या घोडदळाचा मुख्य निरीक्षक झाला. घरसंसार मात्र त्याला साधला नाही. लग्न मोडले, शरीर रोगाने पोखरले. नोव्हेंबर १७७३मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तो गेला. बर्लिनमध्ये १८५१ साली फ्रेडरिकचा जो भव्य अश्वारूढ पुतळा उभारला, त्याच्या चौथऱ्यावर चार कोपऱ्यांना चार घोडेस्वार आहेत. त्यांतला एक सायडलिट्स.

हुकूम मोडण्यात काय मोठेसे? आळशी नोकरही तो रोज मोडतो. सायडलिट्सच्या अवज्ञेची किंमत मला वेगळ्याच जागी दिसते. तिच्यामागे वीस वर्षांची मेहनत होती, आणि चुकलो तर सोसायला स्वतःचे डोके त्याने आधीच पुढे केले होते. गहाण काही न ठेवता ‘साहेबाला काय कळते’ म्हणणारे आपल्याला गल्लोगल्ली भेटतात. त्यांना सायडलिट्सचा दाखला देण्याचा अधिकार नाही. आणि हुकूम देणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की ‘थोडे थांबा’ म्हणणारा एखादा माणूस आपल्या पदरी शिल्लक आहे ना.

घोडदळावर लिहिताना लेखणीही चौखूर उधळते. तेव्हा पाहुण्याचाच कित्ता गिरवून मी इथे लगाम खेचतो.