किनारा एक दिवस दूर असतो तेव्हा

मेक्सिकोच्या पश्चिमेला, प्रशांत महासागरात रेव्हियाहिहेदो हा चार ज्वालामुखी बेटांचा समूह आहे. काबो सान लुकास या किनाऱ्यावरच्या शहरापासून ही बेटे सुमारे ४०० किलोमीटर आणि त्याहून दूर आहेत. पर्यटकांना तिथे पोहोचायला बोटीने साधारण २४ तास लागतात. बेटांवर पर्यटकांसाठी हॉटेल नाही; मुक्काम, जेवण, झोप सारे बोटीवरच. यातल्या सान बेनेदिक्तो बेटावर १९५२ मध्ये बार्सेना ज्वालामुखी जागा झाला. त्याच्या राखेने बेट झाकले आणि तिथली रेन पक्ष्याची एक उपजात कायमची संपली. पाण्याखालचे जग मात्र आज कमालीचे समृद्ध आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने या बेटांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोने भोवतीचा सुमारे १ लाख ४८ हजार चौरस किलोमीटरचा समुद्र राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर करून मासेमारीला बंदी घातली.

जगभरचे हौशी डायव्हर इथे येतात ते मुख्यतः मांटा पाहायला. आपल्या कोकणातल्या वागळीचा हा महाकाय भाऊबंद. त्याच्या पंखांची लांबी सात मीटरपर्यंत जाऊ शकते. पण त्याच्या शेपटीला विषारी काटा नसतो आणि तो जगतो सूक्ष्म प्लवकांवर. सोबतीला हॅमरहेड शार्क, डॉल्फिन आणि हिवाळ्यात देवमासे. अशा सहलीला निघालेल्या माणसाला घरचे लोक हमखास विचारतात, ‘शार्क चावला तर?’ काळजी समजण्यासारखी आहे, पण डायव्हर दगावतात ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणांनी. बुडणे, हृदयविकाराचा झटका, घाबरून वेगाने वर येणे ही त्यातली प्रमुख कारणे.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. ३० मीटरवर शरीरावर जमिनीच्या चौपट दाब असतो आणि तेवढ्याच दाबाची हवा श्वासातून आत जाते. या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. डायव्हर सावकाश वर आला, तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आला, तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर उसळतात तसे बुडबुडे शरीरातच तयार होतात. सांधे ठणकतात, त्वचेला मुंग्या येतात, चक्कर येते. बुडबुड्यांनी मज्जारज्जूला इजा केली, तर पायांतली ताकद जाते, लघवी अडते. १९०८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके मांडली. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तेच गणित करतो.

श्वास रोखून वर येणे त्याहून घातक. दहा मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर फुप्फुस फाटते आणि हवा रक्तातून थेट मेंदूत पोहोचू शकते.

या आजारांवर उपचार आहे. लगेच शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, रुग्णाला आडवे ठेवायचे आणि शक्य तितक्या लवकर दाबकक्षात, म्हणजे हायपरबॅरिक चेंबरमध्ये न्यायचे. पण हा कक्ष किनाऱ्यावर, आणि किनारा एक दिवस दूर. इतक्या लांब, शहराजवळ किरकोळ ठरणारी चूक आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकते. त्यात अशा सहलीत दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात आणि नायट्रोजन साठत जातो. संध्याकाळी खांदा दुखू लागला, की ‘टाकी उचलताना लचक भरली असेल’ म्हणून माणूस गप्प बसतो. कारण सांगितले तर उद्याची डाइव्ह हुकेल. हे गप्प बसणेच महागात पडते.

इथल्या नियमांपैकी एक असा, की मांटाला हात लावायचा नाही आणि त्याचा पाठलाग करायचा नाही. पूर्वी डायव्हर मांटाच्या पाठीला धरून सफर करत. आता तो गुन्हा मानला जातो. हा नियम प्राण्यासाठी आहेच, पण डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर तो माणसासाठीही आहे. मांटामागे पाय मारत सुटलेल्या डायव्हरला धाप लागते, टाकी लवकर संपते, खोलीचे भान सुटते. रोका पार्तिदासारख्या खडकाशी पायाखाली टेकायला तळच नसतो. एका जागी स्थिर, शांत श्वास घेत राहिलेल्या माणसाजवळ मांटा पुष्कळदा आपणहून येतो.

खरी तयारी मात्र घरून निघण्यापूर्वीची. अशा खर्चीक सहलींना जाणारे अनेकजण पन्नाशी ओलांडलेले असतात. प्रकृतीच्या अर्जावर रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट, हृदयाची शस्त्रक्रिया यांपुढे ‘नाही’ लिहिणे सोपे असते. ओळखीच्या डॉक्टरची सही मिळवणे त्याहून सोपे. डॉक्टरांनीही ही सही शिष्टाचार म्हणून देऊ नये. जिने चढताना छातीत भरून येणाऱ्या माणसाला प्रवाहात पोहायला पाठवणे हा निष्काळजीपणा आहे.

सहल ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. किनारा गाठेपर्यंत पुरेल इतका ऑक्सिजन बोटीवर आहे का? सर्वांत जवळचा चालू दाबकक्ष कुठे आहे? विम्यात त्या उपचाराचा आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च येतो का? उत्तर गुळमुळीत मिळाले, तर बोट बदलावी. आणखी एक पथ्य अंदमानला जाणाऱ्यांनाही लागू आहे. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास, एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास थांबावे. सकाळी डाइव्ह आणि दुपारचे विमान हा हिशेब पैसे वाचवतो, पण विमानातल्या कमी दाबात तेच बुडबुडे पुन्हा डोके वर काढू शकतात.

मांटा उद्याही असेल. खांदा दुखत असेल तर आजच सांगावे.