विरघळणारा स्टेंट मागण्याआधी

वडील आत टेबलावर, अँजिओग्राफीत नव्वद टक्के ब्लॉकेज निघालेलं, आणि कॅथलॅबच्या दाराशी उभ्या मुलाला किंवा जावयाला विचारलं जातं: नेहमीचा औषधी स्टेंट, म्हणजे औषधाचा लेप असलेली धातूची जाळी, टाकायचा की विरघळणारा? धातू जन्मभर शरीरात राहणार नाही, हे ऐकल्यावर कुणाचंही मन दुसऱ्या पर्यायाकडे ओढलं जाणारच. त्या घाईत नीट विचार होत नाही. म्हणून घरात सगळं ठीक असतानाच हे वाचून ठेवा, ही कळकळीची विनंती.

कल्पना चांगलीच आहे. स्लॅब पक्का झाला की खालचं सेंटरिंग काढतात, तसंच हे. फुग्याने रुंद केलेली रक्तवाहिनी पुन्हा आकसू नये म्हणून काही महिने आधार लागतो, पुढे त्याची तेवढी गरज उरत नाही. मग जाळी धातूऐवजी पॉलिलॅक्टिक आम्लाची केली तर? शस्त्रक्रियेतले काही विरघळणारे टाके याच कुळातले. दोन-तीन वर्षांत जाळीचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, वाहिनी मोकळी होते आणि पुढेमागे बायपास करायची वेळ आली तर त्या जागी धातूची अडचण नसते.

अडचण आली ती विरघळून संपेपर्यंतच्या काळात. पॉलिमर धातूइतका मजबूत नसतो, त्यामुळे अ‍ॅबट कंपनीच्या 'अ‍ॅब्सॉर्ब' या सर्वांत गाजलेल्या जाळीच्या काड्या सुमारे 150 मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या. आजच्या चांगल्या धातूच्या स्टेंटची काडी साधारण त्याच्या निम्मी असते. जाड काडीमागे रक्ताचा प्रवाह घुटमळतो आणि गुठळीला वाव मिळतो. शिवाय जाळी सगळीकडे सारखी विरघळत नाही. एखादा तुकडा सुटून वाहिनीच्या पोकळीत आला, तर दोन वर्षांनीही गुठळी होऊ शकते, आणि स्टेंटमध्ये गुठळी म्हणजे बहुतेकदा हार्ट अटॅकच.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2016 मध्ये अ‍ॅब्सॉर्बला मान्यता दिली. मार्च 2017 मध्ये त्याच प्रशासनाने डॉक्टरांना सावधगिरीचं पत्र पाठवलं. सुमारे दोन हजार रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर गुठळीचं प्रमाण विरघळणाऱ्या जाळीत 1.9 टक्के, तर धातूच्या औषधी स्टेंटमध्ये 0.8 टक्के भरलं होतं. छोट्या वाहिन्यांत धोका अधिक होता. सप्टेंबर 2017 मध्ये कंपनीने जगभर त्याची विक्री थांबवली. पुढे पाच वर्षांच्या पाठपुराव्यात तीन वर्षांनंतर हा जादा धोका उरला नसल्याचं दिसलं, हेही सांगायला हवं. पण ती तीन वर्षं रुग्णालाच काढायची असतात.

संशोधन थांबलेलं नाही. वापीच्या मेरिल कंपनीच्या 'मेरेस 100'च्या काड्या 100 मायक्रॉनच्या आहेत, बायोट्रॉनिकची 'मॅग्मारिस' मॅग्नेशियमची आहे. तरीही युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा जाळ्या संशोधनाबाहेर वापरू नयेत असंच म्हटलं. माझंही मत स्पष्ट आहे: आपल्या बहुतेक रुग्णांसाठी आज धातूचा चांगला औषधी स्टेंटच योग्य. तो आयुष्यभर आत राहतो, याची भीती बाळगू नका. त्यावर आतलं अस्तर चढतं, लोक वर्षानुवर्षं त्याच्यासह शेती करतात, जिने चढतात, नातवंडं खेळवतात.

कुणी विरघळणारा सुचवलाच, तर विचारा: याच रुग्णाला का? वाहिनी किती मिलिमीटरची आहे? बसवल्यावर आतून इमेजिंग करून नीट उघडला की नाही ते बघणार का? गुठळी टाळणाऱ्या गोळ्या किती काळ चालतील? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. मात्र हार्ट अटॅक चालू असेल तर स्टेंटच्या जातीवर चर्चा करत बसू नका, 108 ला फोन करा, रुग्णालय गाठा आणि बंद वाहिनी लवकरात लवकर उघडू द्या. छातीत दुखणं जुनं असेल आणि फक्त चालल्यावर होत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो. अशा स्थिर आजारात कधी कधी औषधांवरही भागतं.

महाग म्हणजे चांगला, हा हिशेब इथे लागू नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींना लगाम घातला, तेव्हा औषधी आणि विरघळणारा या दोन्हींना करांव्यतिरिक्त 29,600 रुपये हीच एक कमाल मर्यादा लावली. मर्यादा पुढे बदलत गेली आहे, चालू दर विचारून घ्या. बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक वेगळा लिहून मिळणं हा तुमचा हक्क आहे.

सगळ्यात महत्त्वाचं गोळ्यांचं. स्टेंट कोणताही असो, अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर स्वतःच्या मनाने बंद करू नका. आता बरं वाटतंय, गावाला जाताना पाकीट राहिलं, दात काढायचाय म्हणून कुणीतरी थांबवायला सांगितलं, अशा कारणांनी गोळी सुटते आणि त्यातून गुठळी होते. दातांच्या डॉक्टरांना आधी स्टेंटबद्दल सांगा आणि गोळी थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना ठरवू द्या. ज्यांना पूर्वी विरघळणारी जाळी बसवली आहे त्यांनी घाबरून जायचं कारण नाही, पण पुढच्या तपासणीला जुनी कागदपत्रं घेऊन जा आणि आपल्या गोळ्यांचा आराखडा विचारून घ्या. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटच्या खोक्यावरचा छोटा स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर नाव, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक असतो. त्याचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये आजच ठेवा. स्टिकर नसेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करून तो तपशील मागा.