जकातीचा नाका कोणाचा?

दर सहा-सात वर्षांनी अर्थविषयक वृत्तपत्रांना एक ज्वर चढतो. दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांच्या यंत्रांची, म्हणजे बाजारात ज्यांना कन्सोल म्हणतात त्यांची, नवी पिढी येऊ घातली की सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तीन कंपन्यांपैकी बाजी कोण मारणार याची भाकिते सुरू होतात. २०२५ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या पुढील यंत्रांच्या चिपांसाठी एएमडी या अमेरिकन कंपनीशी अनेक वर्षांचे सहकार्य जाहीर केले. ऑक्टोबरात सोनीच्या यंत्रांचे रचनाकार मार्क सर्नी यांनी त्याच एएमडीच्या अधिकाऱ्यासमवेत भावी तंत्राची ओळख करून दिली. तेव्हापासून भाकितांना ऊत आला आहे. रेसच्या मैदानाबाहेर विकल्या जाणाऱ्या टिपांच्या चोपड्यांची योग्यताही यांतील पुष्कळशा भाकितांना नाही. कारण तेथे निदान घोडा कोणाच्या मालकीचा आहे हे छापलेले असते.

चळवळीतील कार्यकर्त्याला हा विषय पोरखेळाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु आधुनिक मक्तेदारी आपला नफा नेमका कोठून काढते, हे पोलादाच्या किंवा तेलाच्या व्यवसायापेक्षाही या खेळण्यांच्या व्यवसायात अधिक उघडपणे दिसते. म्हणूनच त्याकडे गंभीरपणे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम भाकितांचा इतिहास पाहावा. १९७७ साली अटारी कंपनीने आपले यंत्र बाजारात आणले आणि पाच वर्षांत ती वॉर्नर कम्युनिकेशन्स या मालक कंपनीची दुभती गाय बनली. १९८२ मध्ये अटारीच्या पराभवाचे भाकीत करणाऱ्यास कोणी वेड्यातच काढले असते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील हा सारा बाजार कोसळला, अटारीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरण्यात आला. २०१४ साली तो खणून काढण्यात आला, तेव्हा ही दंतकथा नसून वस्तुस्थिती असल्याची खात्री पटली. अतिउत्पादनाच्या अरिष्टाचे याहून बोलके स्मारक शोधून सापडणार नाही.

रिकाम्या झालेल्या त्या बाजारात निन्टेंडो उतरली. १८८९ साली क्योटोमध्ये पत्त्यांचे जोड करण्यासाठी स्थापन झालेली ही कंपनी १९८३ मध्ये जपानात आणि १९८५ मध्ये अमेरिकेत आपले यंत्र घेऊन आली. त्या यंत्राबरोबर तिने जी व्यवस्था आणली ती यंत्राहून महत्त्वाची होती. अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक यंत्रात एक कुलूपवजा चिप बसविलेली होती. निन्टेंडोच्या परवान्यावाचून कोणाचाही खेळ त्यात चालत नसे. परवाना घेणाऱ्याने खेळाच्या कॅसेट निन्टेंडोकडूनच करवून घ्यावयाच्या, त्यांचे पैसे आगाऊ मोजावयाचे आणि वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा अधिक खेळ काढावयाचे नाहीत, असा दंडक होता. यंत्र ही विकण्याची वस्तू न राहता रस्त्यावरचा जकात नाका बनले. पुढील चाळीस वर्षांचा सारा इतिहास हा त्या नाक्याच्या मालकीसाठी झालेल्या मारामाऱ्यांचा इतिहास आहे.

१९९१ साली सोनीने निन्टेंडोच्या सहकार्याने नवे यंत्र काढण्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर करून सोनीला तोंडघशी पाडले. त्या अपमानातून १९९४ च्या डिसेंबरात प्लेस्टेशन जन्मास आले आणि त्याची दहा कोटींवर विक्री झाली. त्याच्या पुढच्या यंत्राने सोळा कोटींचा टप्पा गाठला. आजवर इतके कोणतेही घरगुती कन्सोल खपलेले नाही. आता सोनीला कोण हरविणार, असे २००५ मध्ये सर्व जाणते म्हणत होते. २००६ मध्ये सोनीने तिसरे यंत्र काढले, त्यातील वरच्या नमुन्याची किंमत ५९९ डॉलर ठेवली आणि ग्राहक जास्तीचे काम करून पैसे साठवील अशा थाटात वावरू लागली. निन्टेंडोने मात्र जुन्या, मुरलेल्या तंत्रातून नवा उपयोग काढावा ही आपले अभियंते गुनपेई योकोई यांची शिकवण ध्यानी धरून २५० डॉलरचे साधे यंत्र काढले. हात हलवून खेळावयाचे ते वी नावाचे यंत्र आजी-आजोबांपर्यंत पोहोचले आणि दहा कोटींवर खपले. परंतु त्याच निन्टेंडोचे २०१२ चे यंत्र जेमतेम १ कोटी ३६ लाखांवर अडकले, आणि त्यानंतर २०१७ मध्ये आलेल्या स्विचने १५ कोटींची मजल ओलांडली. मायक्रोसॉफ्टची कथा वेगळी नाही. २०१३ मध्ये तिने यंत्र सतत इंटरनेटशी जोडलेले ठेवण्याची आणि जुने खेळ दुसऱ्यास देण्यावर बंधने घालण्याची योजना जाहीर केली. खेळणाऱ्यांच्या संतापापुढे काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली, पण गेलेली पत परत आली नाही. २०१५ पासून तर या कंपनीने आपल्या यंत्रांच्या विक्रीचा आकडा सांगणेच बंद केले आहे.

एका पिढीतील विजेता दुसऱ्या पिढीत वारंवार का घसरतो? मस्ती हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. परंतु मस्तीची पाळेमुळे हिशेबात आहेत. ॲपलविरुद्ध एपिक या कंपनीने भरलेल्या खटल्यात २०२१ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या एका उपाध्यक्षांनी साक्ष देताना सांगितले की, यंत्राच्या विक्रीतून कंपनीने कधीही नफा मिळविलेला नाही. धर्मादाय म्हणून कोणी यंत्रे वाटत नाही. यंत्र घरात शिरले की त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे, खेळात विकत घ्यावयाच्या प्रत्येक काल्पनिक तलवारीमागे, सर्वसाधारणपणे शंभरातील तीस रुपये नाक्याच्या मालकाकडे जातात. खेळ ज्यांनी घडविला त्यांचे श्रम, ज्याने खेळावयाचा त्याची हौस. मधला मालक केवळ दार अडवून बसलेला. अर्थशास्त्रात याला नफा न म्हणता खंड म्हणतात. मुंबईचे जकात नाके २०१७ साली बंद झाले, हे नाके मात्र दिवसेंदिवस भरभराटत आहेत. ज्याच्या नाक्यावर वर्दळ वाढते तो हळूहळू ग्राहकाला गृहीत धरू लागतो, आणि पुढचे यंत्र काढताना खेळणाऱ्याला काय हवे यापेक्षा नाक्याला काय हवे याचाच विचार करतो. २००६ ची सोनी आणि २०१३ ची मायक्रोसॉफ्ट यांची चूक ही एकच चूक आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे पुढच्या पिढीविषयी बोलता येते. येथे एक मोठा बदल घडला आहे. पूर्वी यंत्र जसजसे जुने होई तसतसे ते स्वस्त होत असे, हा या व्यवसायाचा अलिखित नियम होता. अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आलेले सोनीचे दुसरे यंत्र २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळत होते. गरीब घरातील मुलगा थोडा थांबला तर त्यालाही ते परवडे. आता नियम उलटा झाला आहे. २०२० च्या नोव्हेंबरात ४९९ डॉलरला आलेले प्लेस्टेशन ५ अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५४९ डॉलरचे झाले. त्याच किमतीला आलेले मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सीरिज एक्स २०२५ च्या मे मध्ये ५९९ आणि ऑक्टोबरात ६४९ डॉलरवर गेले. निन्टेंडोचे स्विच २०१७ मध्ये ३०० डॉलरला होते, त्याचे दुसरे रूप जून २०२५ मध्ये ४५० डॉलरला आले. अमेरिकेने लादलेले आयात कर हे याचे एक कारण. चिपा लहान झाल्या तरी पूर्वीसारख्या स्वस्त होत नाहीत, हे दुसरे. तिसरे सर्वांत गंभीर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हव्यासापायी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणककेंद्रांनी स्मृतिचिपांची मागणी इतकी वाढविली की २०२५ च्या अखेरीस त्यांचे भाव भडकले. मुलाच्या खेळण्यातील चिप आणि सट्टेबाज भांडवलाच्या यंत्रागारातील चिप एकाच कारखानदाराकडून येते, आणि भाव कोणाच्या ऐपतीने ठरतो हे सांगावयास नको.

तेव्हा भाकीतच करावयाचे तर ते असे करावे लागेल. दूरचित्रवाणीपुढच्या यंत्रांत सोनीचे पारडे जड राहील. २०२५ च्या सप्टेंबरअखेर तिची सध्याच्या पिढीतील ८ कोटी ४२ लाख यंत्रे विकली गेली होती, आणि ग्राहकाने विकत घेतलेले जुने खेळ हेच त्याला त्या नाक्याशी बांधून ठेवतात. निन्टेंडो आपल्या वेगळ्या वाटेने जाईल. ती या शर्यतीत धावतच नाही, हे तिचे शहाणपण आहे. मायक्रोसॉफ्ट यंत्र काढील, परंतु यंत्रासाठी लढणार नाही. २०२४ पासून तिने स्वतःचे खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर विकावयास सुरुवात केली, आणि ज्या हेलो खेळाच्या जोरावर २००१ मध्ये तिचे पहिले यंत्र उभे राहिले, तोही २०२६ मध्ये प्लेस्टेशनवर आणण्याची घोषणा केली. दुसऱ्याच्या नाक्यावर जकात भरून माल विकणे तिला आता फायद्याचे वाटते. सोनी जिंको वा मायक्रोसॉफ्ट, चिप एएमडीचीच राहणार. तिला हारजीत ठाऊक नाही. हे भाकीत एकाच गोष्टीने चुकू शकते. स्मृतिचिपांचे भाव उतरले नाहीत आणि तोटा सोसून यंत्र घराघरात ढकलणे सोनीलाही परवडेनासे झाले, तर विजेता असेल, पण त्याने जिंकलेला बाजार आजच्याहून लहान आणि अधिक श्रीमंतांचा असेल.

या शर्यतीचा खर्च मात्र भाकितांच्या तक्त्यात कोठेही लिहिलेला नसतो. २०१२ च्या जानेवारीत चीनमधील वुहान येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यात मायक्रोसॉफ्टची यंत्रे जोडणारे शंभरावर कामगार बदलीच्या वादातून छतावर चढले आणि उड्या घेण्याची धमकी देऊन उभे राहिले. २०१३ मध्ये यानताईच्या कारखान्यात शिकाऊ विद्यार्थ्यांना नियम मोडून रात्रपाळीस व जादा कामास जुंपल्याची कबुली याच फॉक्सकॉनला द्यावी लागली. तेथे सोनीचे यंत्र जोडले जात होते. दोन प्रतिस्पर्धी, मालक एक.

बुद्धिजीवी कामगाराची स्थितीही फार वेगळी नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी गिळली आणि तीन महिने उलटतात न उलटतात तोच आपल्या खेळविभागातील १,९०० जणांना घरी पाठविले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिंकत असलेल्या सोनीनेही सुमारे ९०० जणांना काढले आणि लंडनचा स्टुडिओ बंद केला. हरणारा खर्च कमी करावयाचा म्हणून काढतो, जिंकणारा नफा वाढवावयाचा म्हणून काढतो. याला अपवाद म्हणून निन्टेंडोचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता यांचे नाव घेतले जाते. २०१४ मध्ये त्यांनी काही महिने आपला पगार निम्मा केला आणि नोकरकपात टाळली. त्या माणसाचा सद्भाव मान्य करावा. परंतु अध्यक्षाच्या सद्भावावर हजारोंची भाकरी अवलंबून असणे ही व्यवस्था नव्हे.

हे कामगार आता संघटित होत आहेत, ही या काळातील खरी बातमी. मायक्रोसॉफ्टच्या झेनिमॅक्स या उपकंपनीतील खेळ तपासणाऱ्या सुमारे ३०० जणांनी जानेवारी २०२३ मध्ये संघटना मान्य करून घेतली आणि २०२५ च्या जूनमध्ये पगारवाढीचा व मनमानी बडतर्फीविरुद्ध संरक्षणाचा करार पदरात पाडून घेतला. आवाज आणि हालचाली देणाऱ्या अमेरिकन नटांनी जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संप करून, त्यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करावयाची तर त्यांची संमती घेण्याचे बंधन मालकांवर घातले. त्याच २०२५ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने एकूण सुमारे ९,००० जणांना काढले, त्यांत खेळविभागही होता. करार झाला म्हणून लढा संपला असे त्यांपैकी कोणी समजत नसावे.

या प्रश्नाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती सोपविण्यात आली होती आणि २०२० च्या सप्टेंबरात तिची जाहीर घोषणाही झाली. एवढ्या नावाचा खेळ भारतीय हातांनी घडावा याचे येथील तरुणांना केवढे अप्रूप होते! पहिली दृश्ये पाहून परदेशात नाके मुरडली गेली, तारखा लांबत गेल्या आणि मे २०२२ मध्ये ते काम काढून कॅनडातील मॉन्ट्रियलच्या स्टुडिओला देण्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो खेळच रद्द केला. सोनी, मायक्रोसॉफ्ट की निन्टेंडो, या प्रश्नाचे कोणतेही उत्तर आले असते तरी पुण्यातील त्या टेबलांवरचा निर्णय फ्रान्समध्येच झाला असता.