डीईएफचा खर्च पट्टीवर येतोच, मग तो चिठ्ठीवर दिसू द्या



आज पिकाचा सल्ला नाही, गाडीभाड्याचा विषय आहे. वाचायला पाच मिनिटं लागतील. गाडी तुमची नसली तरी वाचा, कारण भाडं तुमच्याच पट्टीतून वजा होतं.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या मोठ्या ट्रकना डिझेलशिवाय आणखी एक टाकी असते, निळ्या झाकणाची. त्यात डीईएफ भरतात, कोणी ॲडब्लू म्हणतं. आत असतो ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. हे धुराच्या नळीत फवारलं जातं आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड या विषारी वायूचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. काम चांगलंच आहे. हाच वायू उन्हात ओझोन तयार करतो, आणि जमिनीलगतचा ओझोन माणसाच्या छातीला वाईट तसाच गव्हासारख्या पिकालाही वाईट. त्यामुळे नियमच नको, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर आलं, हे बोललं पाहिजे. व्यापारी भाव लावताना भाडं वाढवून देत नाही. ट्रकवाला भाड्यात घालतो. राहिलो आपण.

आता किती ओझं? हिशेब करू. लासलगाव ते वाशी जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर. गाडी लिटरला ४ किलोमीटर देते असं धरलं तर ११५ लिटर डिझेल. डीईएफ लागतं डिझेलच्या साधारण ५ टक्के, म्हणजे ६ लिटरच्या आत. लिटरला ६५ रुपये धरा, झाले ३९० रुपये. गाडीत १६ टन कांदा असेल तर क्विंटलमागं अडीच रुपयेही पडत नाहीत. तुमच्या गाडीचा ॲव्हरेज आणि पंपावरचा दर घालून हाच हिशेब मोबाईलवर करून बघा.

म्हणजे "डीईएफ महाग झालं, क्विंटलला दहा रुपये वाढवा" असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखवा. पण दुसरी बाजूही ऐका. ट्रकवाल्याचा खरा खर्च त्या सहा लिटरचा नसतोच. तो असतो दुरुस्तीचा. डीईएफ सुकलं की पांढरे खडे धरतं, नोझल आणि पंप चोंदतो. धुरातला सेन्सर बिघडला तर गावातला मेकॅनिक हात लावत नाही, त्याच्याकडं ते तपासायचं यंत्रच नसतं. मग शहरातलं कंपनीचं सर्व्हिस सेंटर, तिथली रांग, आणि बिल हजारांत. कॅटॅलिस्टच गेला तर लाखात. एकच गाडी असलेल्या, हप्ते फेडणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. म्हणून तो पळवाट शोधतो.

पळवाटा दोन. एक, बायपास करून यंत्रणाच बंद पाडायची. ते बेकायदा तर आहेच, शिवाय गाडी पुढं काय करेल याचा भरवसा राहत नाही. दुसरी, स्वस्तातलं डीईएफ. कॅनवर नाव नाही, सील नाही, पावती नाही. बोअरच्या पाण्यात खताचा युरिया कालवलेला. आपल्या पाण्यातला क्षार आपल्याला ठिबकच्या नळ्यांत दिसतोच, तोच त्या नोझलमध्ये बसतो. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचं लेपण असतं, ते वेगळंच. अशा डीईएफनं गाडी काही दिवस चालते, म्हणून लोकांना वाटतं की चाललं.

आणि बंद कधी पडते? माल भरलेला असताना. डीईएफ संपलं किंवा त्याची प्रत चुकली की आधी डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग गाडी ओढ कमी करते. ती तशीच बनवलेली आहे, ड्रायव्हरनं दुर्लक्ष करू नये म्हणून. भरल्या गाडीची ओढ कसारा घाटात कमी झाली तर काय होतं ते सांगायला नको. कांदा एक दिवस थांबेल, टोमॅटो आणि कोथिंबीर थांबत नाही. उशिरा पोचलेल्या मालाला दुपारचा भाव मिळतो. क्विंटलला अडीच रुपये वाचवायला गेलेल्या गाडीनं शेतकऱ्याचे शेकड्यानं घालवले, असा हा व्यवहार आहे.

आता जरा नाजूक विषय. ड्रायव्हर लोक डीईएफला सरळ "युरिया" म्हणतात आणि त्यातूनच काहींना कल्पना सुचते. ४५ किलोची आपली युरियाची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते, कारण बाकीचा भार अनुदान उचलतं. त्या एका गोणीत सव्वाशे लिटर डीईएफ तयार होतं, वरच्याच दरानं आठ हजारांच्या घरातलं. एवढा फरक असल्यावर गावात गोणीमागं शंभर-दोनशे जास्त देऊन युरिया उचलणारे येणारच. देऊ नका. अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वळवणं हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मक्याला दुसरा हप्ता द्यायच्या वेळी दुकानासमोर रांगेत आपणच उभे असतो ना?

युरिया आणि ट्रक एकमेकांत किती अडकलेत, ते २०२१ साली दक्षिण कोरियानं पाहिलं. चीननं युरियाची निर्यात आवळली आणि तिथं ट्रकसाठी डीईएफ मिळेना. शेवटी त्यांनी लष्करी विमानानं ऑस्ट्रेलियातून ते आणलं. आपला देशही युरिया बाहेरून घेतो. तेव्हा टंचाई आली की खत आणि भाडं दोन्ही एकदम अंगावर येईल, हे ध्यानात असू द्या.

माझं मत असं: आपल्या कंपनीनं भाडं ठरवताना घासाघीस जरूर करावी, पण डीईएफची रक्कम चिठ्ठीवर वेगळ्या ओळीत लिहावी आणि पंपाची किंवा सीलबंद बकेटची पावती बघूनच द्यावी. भाड्यातच सगळं धरा म्हटलं की ट्रकवाला पहिली कात्री तिथंच लावतो. संकलन केंद्रावर माल चढवायच्या आधी ड्रायव्हरला चावी फिरवायला सांगून डीईएफचा काटा आणि दिवे बघावेत, मोबाईलवर एक फोटो काढावा. दिवा लागलेला असेल तर ती गाडी भरू नये, मग ती कुणाच्याही पाहुण्याची असो.

ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. डीईएफ उन्हात ठेवू नका. २५ अंशांत ते दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांत सहा महिने, आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात किती तापतं ते तुम्हाला माहीत आहे. स्वस्त मिळतं म्हणून दहा बकेट भरून ठेवण्यात अर्थ नाही. ते पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, गढूळ किंवा तेलकट तवंग असेल तर परत करा. औषध फवारणीचं नरसाळं, तेलाचा डबा त्यासाठी वापरू नका. आणि चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ पडलं तर गाडी सुरूच करू नका, तशीच ओढून न्या. लहान पिकअपपैकी काहींना डीईएफ लागतच नाही, तेव्हा निळं झाकण आहे का ते बघूनच घ्या.

चिठ्ठीवरच्या वेगळ्या ओळीचा विषय मी येत्या मासिक बैठकीत मांडणार आहे. गाडीमालक सभासदांनी मागच्या तीन महिन्यांच्या डीईएफच्या पावत्या आणि किलोमीटर याच नंबरवर फोटो काढून पाठवावेत. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही व्हॉइस नोट पाठवावी, बैठकीत ती सगळ्यांना ऐकवू.